पाटीवरचं ‘बहुधा’

मुळशी धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर मी रिसेप्शनला आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून इंग्रजी बोलणारा पाहुणा आला की मलाच पुढे करतात. मागच्या हिवाळ्यात नायजेरियाचे एक वृद्ध गृहस्थ उतरले होते. आफ्रिकेतल्या आधुनिक चित्रांचा अभ्यास करण्यात आणि त्यांची प्रदर्शनं भरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

जेवायला आले आणि त्यांनी थेट भिंतीवरचं चित्र उतरवून उलटं केलं. मी धावलेच.

“सवय आहे,” ते हसून म्हणाले. तरुणपणी युरोपातल्या एका संग्रहालयाच्या कोठारात काम करताना त्यांनी असंच एक चित्र उलटं केलं होतं. मागे त्यांच्याच शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांची सही होती. चित्रासोबतच्या पाटीवर मात्र ‘चित्रकार अज्ञात’. मास्तर तर जिवंत होते! यांनी खटपट करून त्यांना तिथे नेलं, तर अधिकारी म्हणाले, “हेच ते चित्रकार, याला पुरावा काय?”

भाकरी वाढणाऱ्या मावशींना मी ते मराठीत सांगितलं.

“जिता मानूस म्होरं उभा हाय, आन् पुरावा मागत्यात? डोळं फुटलं व्हतं का त्यांचं?”

मी ते इंग्रजीत सांगताच गृहस्थ खळखळून हसले. “मी यावर जाडजूड पुस्तकं लिहिली. यांना दोन वाक्यं पुरली.”

“मग नाव लागलं का?” मी विचारलं.

“लागलं. पण नावाआधी ‘बहुधा’ असा शब्द घालून. मास्तर तो वाचून घरी परतले आणि त्यांनी पुन्हा ब्रश हातात धरला नाही.” ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “तो शब्द अजून तिथेच आहे. म्हणून मी काम सोडलेलं नाही.”