सोळा सौभाग्यवतींचं इंग्रजी

मला भांडता सगळ्या भाषांत यायचं. भाजीवालीशी गुजरातीत, रिक्षावाल्याशी हिंदीत आणि घरी आईशी शुद्ध मराठीत. फक्त इंग्रजीत तोंड उघडायची सोय नव्हती. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे येणारी माझी मामेबहीण नेमकी इंग्रजी शाळेतली. वादात हरायला लागली की ती खाडकन इंग्रजी सुरू करायची आणि मी कोणीतरी तोंडात बोळा कोंबल्यासारखी गप्प. नववीच्या वर्षी मी ठरवून टाकलं, या मुलीशी एकदा तिच्याच भाषेत कचाकचा भांडायचं. इंग्रजी शिकायला याहून उदात्त कारण तेव्हा माझ्याकडे नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, पुढेही फारसं सापडलं नाही.

बडोद्यातली आमची शाळा मराठी माध्यमाची. नववीची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये दहावीचे विषय सूचनाफलकावर लागायचे. इंग्रजीच्या चौकटीत तीन पर्याय. पहिलं उच्च इंग्रजी, म्हणजे गोष्टी, कविता आणि स्वतःच्या मनाने लिहायचे निबंध. दुसरं साधं इंग्रजी, म्हणजे गाळलेल्या जागा, जोड्या लावा आणि आजारी असल्यामुळे दोन दिवसांची रजा मिळावी असा अर्ज. हा अर्ज आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला झोपेत पाठ होता. आणि इंग्रजी नकोच असेल तर त्याऐवजी टायपिंग किंवा गृहविज्ञान. खाली बारीक अक्षरात एक ओळ असायची: उच्च इंग्रजीसाठी किमान बारा विद्यार्थी आवश्यक.

गेली तीन वर्षं ते बारा जमलेच नव्हते. यंदाही जमले नाहीत तर हा विषय फलकावरून कायमचा काढणार, असं मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर सांगून टाकलं.

गंमत अशी, की तेव्हा गावभर इंग्रजीचेच वारे सुटले होते. घरोघरी केबल आली होती, नव्या कंपन्या येणार म्हणून जो तो बोलत होता, आणि आमच्या कारेलीबागेत दर दोन बंगल्यांआड फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासची पाटी लटकत होती. पण इंग्रजीशिवाय आता तरणोपाय नाही असं म्हणणारे हेच पालक फॉर्मवर मात्र साधं इंग्रजी लिहायचे. साध्यात ऐंशी मार्क पडायचे, उच्चमध्ये साठावर नाकी नऊ यायचे, आणि पुढे सायन्सला प्रवेश टक्क्यांवर. मला याचा असा संताप यायचा!

आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई गुजराती होत्या, म्हणून सगळी शाळा त्यांना बेन म्हणायची. मराठी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता उचलली होती आणि ती माहेरच्या भाषेइतक्याच हक्काने वापरायच्या. तीन वर्षं रजेचा अर्ज शिकवून त्यांचा जीव विटला होता. मी वर्गात हिंडून जेमतेम चार नावं गोळा केली, त्यातलं एक माझंच. ती घेऊन गेले तर बेन लेकीला समजवावं तसं म्हणाल्या, "दीकरी, मुलांना विचारून काय फायदा? फॉर्मवर सही कोणाची? आईबापाची. त्यांना पकड."

आईबापांना पकडायचं तर आईला पकडणं भाग होतं. माझे वडील नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात होते, पाळीप्रमाणे कंपनीच्या बसने जायचे, आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नावर "आईला विचार" एवढंच त्यांचं मत असायचं. आई माझं सगळं ऐकून घेत कैरी किसत होती. म्हणाली, "शुक्रवारी आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. सगळ्या येणारच आहेत. एक कागद तयार कर, मी फिरवते."

मी वहीचं मधलं पान काढलं, वर ठळक अक्षरात लिहिलं, 'उच्च इंग्रजीच्या वर्गासाठी नावे', खाली दोन रेघा मारल्या आणि पेन दोऱ्याने बांधून ठेवलं. एवढी हुशारी केली आणि मुख्य गोष्ट विसरले. कोणाची नावं, हे मी लिहिलंच नाही.

शुक्रवारी घर नुसतं गजबजून गेलं. गौर छोट्या झोपाळ्यात बसलेली, पुढे कलिंगडाची कमळं, वाट्यांतून आंब्याची डाळ, ग्लासांतून पन्हं. शेजारच्या गुजराती बायका "केम छो" करत आल्या, जुन्या मराठी घरांतल्या नऊवारीवाल्या आल्या. आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या, मुख्याध्यापकांच्या पत्नीही आल्या. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. मी गुलाबपाणी शिंपडत आणि ओटीत भिजवलेले हरभरे घालत दमले. कागद या हातातून त्या हातात फिरत होता. तो मध्येच डाळीच्या वाटीखाली गेला, त्याच्यावर कुंकवाचं बोट उमटलं, पण मी पाहत होते ते एवढंच, की ओळी वाढताहेत. सगळ्या गेल्यावर मोजल्या. सोळा! मी कागदाची घडी घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला गरकन फिरवलं. तिच्या हातातली पळी सुटली, तरी ती रागावली नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी बेनना बरोबर घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. कागद टेबलावर असा ठेवला, की जणू मी लढाई जिंकून आले होते. सरांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"सौभाग्यवती..." ते थबकले. "सौभाग्यवती... सौभाग्यवती... अहो, या दहावीतल्या मुलींची लग्नं कधी झाली?"

बेननी वाकून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अरे दीकरी, आ तो बधी आई छे!"

खरंच सगळ्या आया होत्या. आमच्याकडच्या हळदीकुंकवात असा कागद नेहमीच फिरायचा. डाकोरची सहल, भजनाचा वर्ग, एकत्र पापड लाटायचा दिवस. ज्या बाईला यायचं ती त्यावर 'सौ.' लावून आपलं नाव लिहायची. कागद हातात आला, वर्ग असं लिहिलेलं दिसलं, त्यांनी नाव घातलं. सोळाच्या सोळा जणींनी स्वतःला उच्च इंग्रजीत दाखल करून घेतलं होतं.

सर आता मजेत आले होते. एकेक नाव चवीने वाचत होते. सातव्या नावाशी आले आणि आवाजच बंद झाला. सातवं नाव त्यांच्या पत्नीचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव तेच. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली, बेनच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या शनिवारपर्यंत बारा विद्यार्थ्यांचे फॉर्म. नाहीतर विषय बंद."

मी घरी आले ती तणतणतच. कागदावर पहिलं नाव आईचं होतं! तिने सुरुवात अशी केली म्हणून पुढच्यांनी तोच कित्ता गिरवला, हे मला वाटेतच कळलं होतं.

"तुला माहीत होतं ना कोणाचा वर्ग आहे ते? माझं नाव सोडून तुझं कशाला लिहिलंस?"

आई गौरीपुढची आरास आवरत होती. "माहीत होतं," ती म्हणाली. "वरचं वाचलं, पेन हातात होतं, लिहिलं. वाटलं म्हणून लिहिलं."

"वाटलं म्हणून?"

"आमच्या वेळीही इंग्रजी घ्या नाहीतर सोडा असंच होतं. फॉर्म दादांनी भरला. गृहविज्ञान लिहिलं. मी तेव्हा अंगणात लगोरी खेळत होते, मला कोणी हाकसुद्धा मारली नाही. दोन वर्षं काजं करायला शिकले." दादा म्हणजे माझे आजोबा. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भाजी काय केली ते सांगावं तशी सांगत होती, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. भांडण सोडून मी तिच्याबरोबर आरास आवरायला बसले. इतके दिवस मी या बाईला धुण्याच्या मशीनचं इंग्रजी माहितीपत्रक वाचून दाखवत होते, तेही तोरा मिरवत.

आरास आवरून झाली तशी आई म्हणाली, "चाल, चपला घाल. आज चार घरं तरी होतील."

त्या आठवड्यात आम्ही दोघींनी भर उन्हात सोसायट्या पालथ्या घातल्या. आईच्या अंगात एवढा चिवटपणा आहे याची मला कल्पनाच नव्हती. दारात कोणी टक्क्यांचं रडगाणं लावलं की ती शांतपणे विचारायची, "तुम्ही स्वतः उच्चमध्ये नाव घातलंत ना? मग मुलीला खालचं का?" बायका ओशाळायच्या, हसायच्या, बराबर आहे म्हणायच्या आणि सरबत द्यायच्या. नवरे बायकोकडे पाहायचे, तू कधी नाव दिलंस म्हणून. एका घरात तर त्यावरून असं रंगलं, की आम्ही सही घेऊन हळूच सटकलो. ज्यांची मुलं आमच्या वर्गात नव्हती त्या आमच्याबरोबर दुसऱ्यांच्या दारात यायला लागल्या. शुक्रवारी संध्याकाळी फॉर्म झाले अकरा.

एक कमी. मी शनिवारी सकाळी पोळीचा तुकडासुद्धा गिळला नाही.

सरांच्या खोलीत बेन होत्या, मी होते, आणि आईही आली होती. सरांनी फॉर्म मोजले, पुन्हा मोजले. "अकरा," ते म्हणाले. मी रडायच्या बेतात. एका डोक्यासाठी एवढं सगळं वाया जाणार! माझ्या मनात सरांना उद्देशून तीन भाषांतले शब्द तयार होते, त्यांपैकी दोन भाषांतले तर छापण्यासारखेही नव्हते.

सर मात्र टेबलाचा खण उघडत होते. त्यातून त्यांनी एक फॉर्म काढला. पूर्ण भरलेला होता, बाईच्या वळणदार अक्षरात, फक्त पालकांच्या सहीची जागा रिकामी. "हा सोमवारपासून रोज माझ्या ताटाशेजारी वाढून येतोय," ते म्हणाले. "मी मुलीसाठी साधं इंग्रजी ठरवलं होतं. मुलीला विचारलं नव्हतं, हेही मला आता घरात दिवसातून दोनदा सांगण्यात येतं." त्यांनी टोपण काढलं आणि सही ठोकली. "बारा."

मी आनंदाने अशी किंचाळले की शिपाईकाका धावत आले. बेननी मला मिठी मारली, मग आईला मारली, आणि सर उठून खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, न जाणो.

"साहेब, अजून एक," बेन म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून कुंकू लागलेला तो कागद काढला. "या सोळा नावांचं काय करायचं? यांनीही प्रवेश मागितलाय. शनिवारी दुपारी वर्ग रिकामाच असतो."

सरांनी कागदाकडे पाहिलं. सातव्या नावावर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली असावी. "पगार मिळणार नाही," ते म्हणाले.

"मी कुठे मागितला?" बेन म्हणाल्या.

जूनमध्ये दोन्ही वर्ग सुरू झाले. आमच्या वर्गात पहिल्या चाचणीत मला पन्नासपैकी एकवीस पडले. तरीही मी खूश होते, कारण ते एकवीस माझ्या मनाने लिहिलेल्या वाक्यांचे होते.

बायकांच्या पहिल्या शनिवारी आई कडक इस्त्रीची साडी नेसून, नवी वही पिशवीत घालून निघाली. जाताना मला बजावून गेली, तिकडे फिरकायचं नाही. अर्थातच मी फिरकले. वर्गाच्या मागच्या खिडकीखाली उभी राहिले. सोळा जणी आमच्याच बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि एवढ्या बडबड्या बायका पण पहिल्या दिवशीच्या मुलींसारख्या चिडीचूप होत्या. बेननी सांगितलं, प्रत्येकीने उभं राहायचं आणि इंग्रजी कशाला शिकायचं ते आपल्या भाषेत सांगायचं. एकीला अमेरिकेतल्या नातवाशी फोनवर बोलायचं होतं. एकीला डॉक्टरची चिठ्ठी वाचायची होती. सरांच्या पत्नी म्हणाल्या, घरात आणखी एका माणसाला इंग्रजी येतं, त्याचा तोरा उतरवायचा आहे. सगळ्या खो खो हसल्या.

आईची पाळी आली. ती उठली, वही छातीशी धरली. नातू नव्हता, चिठ्ठी नव्हती, सांगण्यासारखं एकही कारण नव्हतं. वर्ग वाट पाहत होता. मला खिडकीतून ओरडून तिला काहीतरी सुचवावंसं वाटलं.

मग ती म्हणाली, "कारण काही नाही. मला हवंय."

बेननी वळून ते फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि खाली छडी ठेवून म्हणाल्या, चला, सगळ्यांनी. सोळा जणींनी ते वाचलं, पहिल्यांदा अडखळत, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी आणि तिसऱ्यांदा इतक्या जोरात की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. आय वाँट इट. आय वाँट इट. आईचा आवाज मला त्यात वेगळा ऐकू येत होता. डोळे पुसत मीही खिडकीखालून त्यांच्याबरोबर तेच म्हणत होते.