नवरात्रातल्या गोळ्या
घटात उगवलेल्या गव्हाचा ओलसर वास आला की मला केशोरी गावातल्या घरचं ते नवरात्र आठवतं. पाळी थांबून वर्ष उलटलं होतं, म्हणून सासूबाईंनी नऊ दिवसांचा दिवा पहिल्यांदाच माझ्यावर सोपवला होता. मी वाती वळून, तेल गाळून तयार होते. पण अंगातून सारख्या वाफा निघायच्या, झोप उडालेली, चित्त ठिकाणावर नसायचं. त्यासाठी गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. "महीना फिर आ सकता है, घबराना नहीं," असं त्यांनी बजावलं होतं. झोप परतली, आणि पंचमीच्या सकाळी तेलाची वाटी हातात असतानाच पाळीही परतली. मी देवघराच्या दाराशी थबकले. "काऊन उभी राहिली वं? वात विझून राहिली!" सासूबाई ओरडल्या. मी कारण सांगितलं. "अवं माय, मोठ्या बाई पुन्हा जवान झाल्या!" धाकटी जाऊ फिसकन हसली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "त्या गोळ्या फेक आधी. देवी पाहून राहिली." मी वाटी त्यांच्यापुढे ठेवली. "दिवा तुम्ही सांभाळा, आई. गोळ्या मी सोडणार नाही." उरलेले दिवस मी अंगणात नुसती येरझारा घालत होते, दर थोड्या वेळानं लांबून वात पाहत होते, पण गोळी एकही चुकवली नाही. आता घट मीच बसवते. सून तेल घालायला आली की तिला पाळीचं काही विचारत नाही.