तुमच्या लोकांना झेपत नाही

"हिला नको. छातीत धडधडतं हिच्या, श्वास अडकतो." मग माझ्याकडे वळून, हसत, "राग मानू नकोस गं. तुमच्या लोकांना एवढं प्रेशर झेपत नाही. सवय नसते ना."

अंधेरीच्या ऑफिसात, भरल्या मीटिंगमध्ये मीनलताई हे बोलल्या. माझ्या बॉस. विभागप्रमुख म्हणून माझं नाव निघालं होतं. सगळे साहेब माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी पाण्याची बाटली सरकवली. आजाऱ्याला देतात तशी.

धडधडीचं फक्त मीनलताईंना माहीत होतं.

आमची कंपनी कर्ज देणारी. टार्गेटच्या मागे धावून माझी झोप उडाली होती. एकदा साकीनाक्याच्या सिग्नलला, गाडी चालवताना, श्वासच घेता येईना. मागून हॉर्न. वाटलं, मेले. त्याच सुमारास कंपनीने मनःस्वास्थ्याचा कार्यक्रम ठेवला. मीनलताईंनी मला बाजूला घेतलं. "ताई म्हणतेस ना मला? मग बोल. इथलं इथेच राहील."

मी बोलले. रडले. भांडुपची चाळ सांगितली, आई लोकांची धुणीभांडी करायची ते सांगितलं, बुद्धवंदना म्हणून आम्ही भावंडं अभ्यासाला बसायचो तेही. त्यांनी माझे हात हातात धरले होते.

तेच सगळं आता टेबलावर मांडलं.

आधी मी मान खाली घातली. मग उठले.

"धडधडतं. खरंय. रविवारी काम, सुट्टीत कॉल, आईच्या ऑपरेशनच्या दिवशी प्रेझेंटेशन. हे तुम्ही दिलंत. त्यात माझे लोक कुठून आले, मॅडम?"

ताई शब्द तोंडातून निघालाच नाही.

"अगं, जातीचं कोण बोललं? फारच सेन्सिटिव्ह आहेस यार तू."

बाहेर आल्यावर एक साहेब हळूच म्हणाले, "तुझं बरोबर होतं."

"मग आत का नाही बोललात?"

ते लिफ्टकडे वळले.

पद दुसऱ्याला गेलं. 'आराम कर' म्हणून मला मोठ्या सुट्टीवर पाठवायला बघितलं. गेले नाही. डॉक्टरकडे जाते, गोळ्या घेते, लपवत नाही. तक्रार केलीय, लेखी. हाताखालच्या पोरींना सांगितलंय, वेळेवर घरी जा. वरून कुणी ओरडलं तर माझ्याकडे पाठवा.

वरच्यांना माझा राजीनामा हवाय. नाही देणार. मला काढायचं असेल तर कारण लिहा, आणि त्याखाली स्वतःची सही करा.