वीणा खाली ठेवायची नसते

त्या वर्षी आमच्या गावच्या सप्ताहात मी वीणा घेतली ती आईच्या हट्टापायी. मनात श्रद्धा होती म्हणून नव्हे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. मंचरला हायस्कूलवर शिकवत होतो, आणि शिकून मिळालेलं जे काही होतं ते माझ्या आणि आईच्या कष्टाचं होतं, त्यात देवाचा हात मला कुठं दिसत नव्हता. सप्ताहातली पुढं पुढं करणारी माणसं तर मी लहानपणापासून ओळखत होतो. पण आई म्हणाली, "येक पहारा तरी घे रं. माझं गुडघं चांगलं असतं तर तुला सांगितलंच नसतं." मग काय बोलणार.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताह सुरू झाला की संपेपर्यंत नाम अखंड चालतं. एकजण गळ्यात वीणा घेऊन उभा राहतो, तार छेडत 'राम कृष्ण हरी' म्हणतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. मधे ती जमिनीला टेकली की नाम तुटलं. आळेफाट्याच्या अलीकडं आमचं गाव. देवळाशेजारी तेव्हा नुकतंच दुमजली सभागृह बांधलं होतं. वर पोथीचं वाचन, खाली स्वयंपाक. वर यायचा मोठा जिना पुढच्या अंगाला. मागं एक अरुंद जिना होता, पण प्रसादाचं सामान चोरीला जातं म्हणून त्याच्या दाराला कुलूप असायचं.

सकाळची वेळ होती. शंभरेक माणसं वाचायला बसलेली, त्यात बायाच जास्त. आई पलीकडच्या भिंतीला खुर्चीवर, कारण तिला खाली बसता येत नव्हतं आणि धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. मी व्यासपीठाशेजारी वीणा घेऊन उभा. खाली बुंदीची कढई पेटली आणि शेजारी रचलेल्या पत्रावळ्यांनी आग धरली, हे आम्हाला नंतर कळलं. आधी नुसता वास आला. मागनं कुणीतरी म्हणालं, "आचाऱ्यानं फोडणी जाळली वाटतं." दुसरा म्हणाला, "जळू दे राव, कालच्या आमटीपेक्षा बरी लागंल." सगळे हसले. मीही हसलो.

मग जिन्यातून धूर वर आला. तरी कुणी उठेना. अध्याय चालू असताना उठायचं नसतं, आणि पुढच्या रांगेतली मोठी माणसं बसलेली असताना तर मुळीच नाही. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत ओव्या म्हणत होता. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते हात वर करून म्हणाले, "बसा, बसा! कुणी उठायचं न्हाई. वाचन मोडू नका. मी बघून येतो." आबा गेले. त्यांच्यामागं त्यांचा मुलगा गेला, सून गेली. ते परत आले नाहीत. ते येत नाहीत एवढं लक्षात आलं, आणि मग सगळी सभा एकदम उठली.

पुढचं मी आजही शांतपणे सांगू शकत नाही. सगळे त्या एकाच जिन्याकडं धावले, कारण आले होते तिकडूनच आणि चपला तिथंच होत्या. धुरात वाकून चपलांचे जोड शोधणारी माणसं मी पाहिली. माईकवाल्यानं अँप्लिफायर छातीशी धरला होता आणि त्याला वाट देत होते, "सांबाळून, मशीन हाये!" आमच्या शेजारची काकू त्याच जिन्यात पडली. तिच्या खुब्यावर कुणाचा पाय पडला हे तिला माहीत आहे. ती सांगत नाही, आणि तिचं सरळ चालणं कायमचं गेलं.

मी ओरडत होतो, "वीणा घ्या हो कुणीतरी! माझी आई हाय तिकडं!" माणसं माझ्यासमोरून जात होती. दोघातिघांनी तर सवयीनं वीणेच्या पाया पडून घेतलं आणि पळाले. मला ती खाली टाकता आली असती. माझा विश्वास तरी कुठं होता! पण पलीकडून आईनं माझा हात वीणेच्या दोरीकडं गेलेला पाहिला आणि खोकत खोकत ओरडली, "खाली ठिवू नको रं! माझं ऱ्हाऊ दे!" आईला पाठीवर घ्यायचं तर वीणा गळ्यात चालत नव्हती, आणि वीणा टाकली तर आई माझ्या पाठीवर आली नसती. माझी आई हट्टी होती. मी तिथं उभा राहून रडायला लागलो, आणि बोटं मात्र तार छेडतच होती.

तेवढ्यात समोर एक बाई उभी. नऊवारी नेसलेली, पदर डोक्यावरून, कपाळ रिकामं. आमच्या गावातली नव्हती. "दे हिकडं," म्हणाली. "आईला उचल." मी मान खाली केली. तिनं वीणा काढली, आपल्या गळ्यात घातली आणि तार छेडली. तार एका श्वासापुरतीही थांबली नाही. मी आईकडं धावलो, तिला पाठुंगळीला घेतलं. वळलो तर समोर नुसता धूर. पुढच्या जिन्याकडं गेलो असतो तर त्या चेंगराचेंगरीत दोघं गेलो असतो. पण वीणेचा आवाज उलट्या बाजूनं, मागच्या भिंतीकडून येत होता. आई कानाशी म्हणाली, "नाम तिकडं हाये. तिकडं चल." मी आवाजामागं चाललो. मागं राहिलेल्या बायाही एकमेकींचा पदर धरून आल्या. मागचं दार उघडं होतं.

त्या दाराबद्दल पुढं बरंच झालं. आबा म्हणायचे, किल्ली माझ्या कमरेला होती. आचारी म्हणायचा, सकाळी पातेली न्यायला मीच उघडून घेतलं होतं. मी त्या वादात कधी पडलो नाही.

खाली, कांदे साठवायच्या बराखीपाशी मी आईला टेकवलं. त्या बाईनं वीणा माझ्या गळ्यात परत घातली. धुरानं डोळे उघडत नव्हते. चोळून बघतो तर ती रस्त्याला लागली होती. बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस, रस्त्यावर टेम्पोंची रांग, त्यात ती कुठं गेली ते दिसलं नाही. हाक मारावी तर मघासारखं नाम पुन्हा सुटलं असतं. मी बराखीपाशी तसाच वीणा घेऊन उभा राहिलो. पुढच्या पहाऱ्याचा माणूस यथावकाश आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी व्हता म्हणून नाम राहिलं." थोड्या वेळापूर्वी वीणेच्या पाया पडून पळालेल्यांत तोही होता.

आग विझली. संध्याकाळी कमिटी बसली. मला वाटलं काकूचं बोलतील, कुलपाचं बोलतील. विषय निघाला तो वीणा बाईच्या गळ्यात गेली याचा, आणि बाई कपाळावर कुंकू नसलेली होती याचा. आबा मला म्हणाले, "मास्तर, आमी अडाणी. तुमी तर शिकलेले, तुमाला कळाया नको?"

"कळलं म्हणूनच दिली," मी म्हणालो. "आबा, तुम्ही बघून येतो म्हणाला होता. काय बघितलं तेवढं सांगा."

आबांनी विषय वीणेच्या शुद्धीवर नेला. वीणा गोमूत्रानं धुतली, तारा बदलल्या. पुढच्या वर्षी सभागृहात पाटी लागली: महिलांनी वीणेस स्पर्श करू नये. पाटी मागच्या दाराच्या वरच आहे. दाराला कुलूपही आहे.

त्या बाईला मी बेल्ह्यात शोधलं, आळ्यात विचारलं, आंबेगावातल्या पाहुण्यांकडं चौकशी केली. कुणाची विहीण असेल, कुणाची मावशी असेल. पत्ता लागला नाही. शेवटी आईच म्हणाली, "आली व्हती ना? मग कशाला नाव इचारतो. तू वीणा सोडली, तवा तुझी पाठ मोकळी झाली." आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. माझ्या प्रत्येक पहाऱ्याला ती समोर खुर्ची टाकून बसायची.

लोक विचारतात, देव दिसला का? मला एक बाई दिसली. एवढंच मी शपथेवर सांगू शकतो. पण शरण जाणं म्हणजे हात जोडणं, अशी माझी समजूत होती ती त्या दिवशी गेली. मी काहीही करू शकत नव्हतो, आणि समोर आलेल्या हातांपुढं फक्त मान खाली केली. बाकीचं माझ्याकडून करवून घेतलं गेलं. त्याचे उपकार मी विसरत नाही.

अजून दरवर्षी पहारा घेतो. संपताना मान खाली घालतो आणि डोळे मिटून घेतो. वीणा उचलली जाते, तेव्हा ते हात तिचे असतात. डोळे उघडे ठेवले तर आमचं गावच दिसतं.