लिचीच्या आळ्यातलं मीठ

मी जिवंत आहे हे सिद्ध करायला तलासरीच्या बँकेत गेलो होतो, तिथेच दत्ताराम गेल्याचा फोन आला. पेन्शनीत निघालेल्या माणसाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता आणि काउंटरवरची मुलगी "काका, जरा जोरात दाबा" असं तिसऱ्यांदा सांगत होती. फोनवर सुमनवहिनींचा आवाज अगदी सपाट होता. "भाऊसाहेब, हे गेले. मागच्या दारी, आळ्यापाशीच. तुम्ही या." मी अंगठा पुसला, पुन्हा दाबला, यंत्राने मला जिवंत ठरवलं आणि मी आशागडची रिक्षा धरली. त्याला आता पाच आठवडे झाले.

आशागडात आमची घरं शेजारी. मध्ये मेंदीचं कुंपण आणि त्यात ये-जा करून पडलेलं एक भगदाड. दत्ताराम डहाणू रोडला रेल्वेत बुकिंग क्लार्क होता, मी तलासरी तालुक्यात तलाठी. म्हणून त्याच्या तोंडी मी कायम भाऊसाहेब, तेही अशा सुरात की सातबारा अडवून बसलेला माणूस डोळ्यांसमोर यावा. त्याच्या मागच्या अंगणात लिचीचं एकच झाड होतं. त्याची मुलगी मीना शाळेत असताना मावशीच्या वाडीतून तिने गुटी कलमाचं रोप आणलं होतं आणि आळं स्वतः खणलं होतं. मीना एकोणिसाव्या वर्षी गेली... नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. झाड वाढत राहिलं. मोहर यायचा, गळून जायचा. सुमनवहिनी त्याच्याकडे बघायच्या आणि आत जायच्या.

मासळीच्या खताचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते निवृत्तीनंतर. डहाणूच्या बाजारात जमनाबाई नावाची मासळीवाली संध्याकाळी मुंडकी, आतडी, खवले टोपलीभर खाडीत टाकताना त्याने पाहिली. दुसऱ्या दिवसापासून ती टोपली आशागडला येऊ लागली. तीन पाण्यांनी धुवायची, पिंपात गुळाबरोबर थरावर थर द्यायचे, वर फडकं बांधायचं, रोज काठीने ढवळायचं. महिन्याभराने ते पाणी पातळ करून आळ्यात आणि उरलेला चोथा पालापाचोळ्याखाली मुळाशी. पहिल्या पिंपाला गल्लीने नाकाला पदर लावला. कोपऱ्यावरच्या एका सद्गृहस्थांनी ग्रामपंचायतीत दुर्गंधीची तीनदा लेखी तक्रार केली. तिसऱ्या उन्हाळ्यात झाडाला लिची लागली. पहिला घोस मीनाच्या फोटोपुढे गेला, बाकीची फळं गल्लीभर वाटली. सद्गृहस्थांनी आपला वाटा तक्रार मागे न घेता खाल्ला. त्या दिवशी सुमनवहिनींना मी कित्येक वर्षांनी हसताना पाहिलं.

साथीच्या वर्षी दत्तारामला ताप आला, तो गेला आणि जाताना त्याचं नाक घेऊन गेला. वास येणं कायमचं बंद. पिंप तयार झालं की नाही हे फक्त वासावर कळतं, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. मी जन्मात मासळीला हात न लावलेला माणूस. तो फडकं सोडायचा आणि मी रुमाल नाकाला लावून वाकायचो.

"रुमाल काढा की. पंचनाम्याला आलात काय?"

"घाण येतेय."

"कसली घाण? आंबूस की सडकी?"

"दोन्ही."

"झालं. नाकसुद्धा सरकारी. एका बाजूने बोलेल तर शपथ."

गेल्या पावसाळ्याच्या आधल्या पावसाळ्यात त्याच्या पायाला सूज आली. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली. पिंप रिकामं पडलेलं त्याला बघवेना, म्हणून मीच म्हणालो, मी आणतो. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. जमनाबाई म्हणाली, "ताजं कुठून काढू भाय? खारवायच्या टाकीतला माल आहे, मुंडकी आहेत. दत्ताभायना चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. नोकरीत न वाचता ज्या सह्या केल्या, त्यांतलीच ही एक.

तीन गोण्या रिक्षात घालून आणल्या. त्यांतून पाणी ठिबकत होतं. दत्ताराम पायरीवर पाय वर करून बसला होता. "धुतलं का तीन पाण्यांनी?" त्याने विचारलं. गोण्या ओल्या होत्या. ओल्या म्हणजे धुतलेल्या, असं मी धरून चाललो. शिवाय त्या चिकट गोण्या उघडून धुवायची माझी तयारी नव्हती. मी हो म्हणालो. मासे खाणाऱ्या घरातल्या कुणालाही ते मिठाचं पाणी आहे हे बोट लावताच कळलं असतं. मला कळलं नाही, आणि त्याचं नाक त्याच्याजवळ नव्हतं. महिन्याभराने पिंपावर वाकून "आंबूस आहे" हा निकालही मीच दिला. पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, पिंपातलं सगळं मीनाच्या झाडाच्या मुळाशी गेलं. चोथा मी स्वतः पुरला. त्याला वाकता येत नव्हतं.

थंडीत पानांची टोकं तांबडी पडली, मग कडा, मग अख्खं पान. मोहर आला नाही. दत्तारामने डहाळी पिशवीत घातली आणि डॉक्टरांना न जुमानता कोसबाडला शेतीतल्या एका जाणकारांकडे दाखवून आला. संध्याकाळी भगदाडापाशी आला, आत आला नाही.

"भाऊसाहेब, त्या गोण्या धुतल्या होत्या ना?"

"हो म्हणालो होतो ना तेव्हाच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हो... म्हणाला होतात," इतकंच बोलला आणि वळला. त्यानंतर गोण्यांचा विषय त्याने कधी काढला नाही. चहाला बोलवायचा, पेपर मागायचा, माझ्या नाकाची थट्टा मात्र बंद झाली. उन्हाळाभर तो आळ्यात पाणी ओतत होता, मीठ खाली उतरावं म्हणून. मी बादल्या भरून द्यायचो. झाड का वाळतंय, हे मी विचारायचो नाही आणि तो सांगायचा नाही. पावसाळ्यानेही काही झालं नाही. गणपतीपर्यंत झाडावर एक पान उरलं नव्हतं. तरी तो सकाळी बादली घेऊन जायचाच.

शोकसभा झाली. प्लास्टिकच्या फलकावर त्याचा फोटो आणि खाली 'पर्यावरणाचे सच्चे पुजारी'. तक्रारवाले सद्गृहस्थ पहिल्या रांगेत होते. त्यांनी दत्तारामच्या कार्याचा सुगंध पंचक्रोशीत कसा दरवळला ते बारा मिनिटं सांगितलं. मग म्हणाले की धन्याच्या आधीच झाडाने प्राण सोडला, असं हे प्रेम. लोकांनी डोळे टिपले. मी सतरंजीकडे बघत बसलो. मलाही बोलायला उठवलं होतं. दत्ताराम वक्तशीर होता, असं काहीतरी मी बोललो.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी वहिनींनी चहाला बोलावलं. कप तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "कोसबाडला त्यांना मीठ म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं, मीठ आलं कुठून? तर म्हणाले, मीच खारा माल मागवला, माझीच नजर चुकली. भाऊसाहेब, मीनाचं एवढं एक उरलं होतं हो. तेवढंही त्यांनी जपलं नाही, असं माझ्या मनाने घेतलं. ताट वाढायचे, गोळ्या द्यायचे, पण शेवटचे किती महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते गेले तेव्हा मी आत होते. त्यांनी हाक मारली असेल तरी..." मला तोंड उघडायला एवढी जागा पुरेशी होती. मी म्हणालो, "चहा निवतोय, वहिनी."

आता सकाळी वहिनी त्या वाळलेल्या खोडाला पाणी घालतात. झाड जगेल म्हणून नाही, दत्तारामचं काम राहू नये म्हणून घालतात. मी नळावर बादली भरतो आणि भगदाडातून त्यांच्या हातात देतो. रोज वाटतं, आज सांगू. बादली हातात गेली की माझे हात रिकामे होतात आणि मी घरात येतो. जे तोंडाने जमलं नाही ते इथे लिहिलं आहे, यात शौर्य काही नाही, हे मला कळतं. तोंडी विचारलेल्याला तोंडी उत्तर देणं टाळून कागद पुढे सरकवायचा, हेच मी नोकरीभर केलं.

वहिनी, गोण्या मी आणल्या होत्या. धुतल्या नव्हत्या. दत्तारामने चूक केली नव्हती, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. फक्त तुम्हाला माहीत नव्हतं.

हे मी पेपरच्या रविवारच्या पुरवणीला छापायला दिलं आहे. ती पुरवणी वहिनी आंघोळ झाल्यावर ओट्यावर बसून वाचतात, शेवटच्या पानापासून सुरुवात करून. सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी बादली भरीन आणि भगदाडापाशी उभा राहीन. पलीकडून हात येईल की नाही, ते मला सांगता येत नाही.