करगोट्याची चावी

माझ्या साडूइतका पोटात गोष्ट ठेवणारा माणूस अख्ख्या रायगडच्या किनाऱ्यावर सापडायचा नाही. तालुक्याच्या दवाखान्यात तो एक्स-रे काढतो. जेवलास का, असं विचारलं तरी आधी मागे वळून बघेल आणि मग हळूच "झालं" म्हणेल. काय जेवला ते विचारायची सोय नाही. त्याच्या मोबाईलात नातेवाइकांची नावं नाहीत, आकडे आहेत. मी सात. सख्खी बायको अकरा. हे तिला कळलं तेव्हा दोन दिवस त्याला घरात चहा मिळाला नव्हता.

हे वेड दवाखान्यातलं. तिथले रोजचे साधे एक्स-रे पेशंटची परवानगी घेऊन मुंबईला संशोधनासाठी जातात. पाठवण्याआधी हा नाव-गाव पुसून नुसता आकडा घालतो. कुठला आकडा कुणाचा ते एकाच वहीत, वही कपाटात आणि कपाटाची चावी ह्याच्या करगोट्याला. रेवदंड्याच्या समुद्रात उतरला तरी चावी कमरेला. अरे बाबा, आपली फुप्फुसं चोरायला कोण येणार, म्हणून मी पोट धरून हसायचो.

एकदा भर दुपारी तो आमच्या दारात उभा. मला नारळ पाडून आणायला वाडीत पिटाळलं आणि हिच्याशी पडवीत बोलला. मी नवरा, आणि मलाच बाहेर! चडफडत परतलो तेव्हा हिने सांगितलं. मागे खोकल्यासाठी हिचा एक्स-रे काढला होता, खोकला गेला आणि आम्ही विसरलोही. मुंबईच्या डॉक्टरांना एका आकड्याच्या छातीत वरच्या बाजूला डाग दिसला. ह्याने वही उघडली तर आकडा हिचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. मी बाहेर बाकावर, देवाचं नाव घेत. आतून साडूचा चोरटा आवाज आला, "आक्का, वेणी तेवढी वर बांधा."

मग उलगडा झाला. बाकी बायकांना हा वेणी वर घ्या म्हणून दटावतो. पण माझी बायको त्याच्या बायकोची मोठी बहीण, त्याची आकडसासू. तिला केसांचं कसं सांगायचं, म्हणून मागच्या वेळी मान खाली घालून तसाच फोटो काढला होता. नव्या फोटोत छाती स्वच्छ. डाग होता तो तेल लावून घट्ट घातलेल्या वेणीचा. मी तिथेच रडलो. तुझ्या चावीला हसलो रे, म्हणून त्याचा हात धरला, तर त्याने मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, कुणाला सांगू नका."

आता संध्याकाळी ही वेणी घालायला बसली की मी बघत बसतो. केस विरळ झालेत, पांढरे झालेत. इतकी वर्षं माझं लक्षच नव्हतं. काय बघताय, असं ती विचारते. मी आधी मागे वळून बघतो आणि मग हळूच म्हणतो, काही नाही.