ताईच्या पोर्टफोलिओतलं शेवटचं काम

ताई गेली त्याला आज वर्ष झालं.
तिची वेबसाइट मात्र अजून चालू आहे. अजून नोकरी शोधतेय.

ताई इन्स्ट्रक्शनल डिझायनर होती. म्हणजे कंपन्यांमधल्या लोकांना काम शिकवायचे धडे तयार करायची.
आई नाशिकच्या इंदिरानगरभर सांगायची, "आमची वैशाली कॉम्प्युटरवर शिकवण्या घेती." ताईने कधी दुरुस्त केलं नाही.

तिच्या लाइनमध्ये वेबसाइटवर मांडलेला कामांचा पोर्टफोलिओ म्हणजे स्थळाला पाठवायचा फोटो. जे बरं दिसतं तेवढंच पुढे करायचं.
ताईचं उलटंच. प्रत्येक कामाखाली तिने एक रकाना ठेवला होता: "काय फसलं."

विंचूरकडच्या एका कांदा पॅकिंग शेडमधल्या बायकांसाठी तिने मशीन झटकन बंद कसं करायचं याचा व्हिडिओ केला होता. गोड आवाज, म्युझिक, सगळं.
खाली लिहिलं होतं: "शेडमध्ये इतका गोंगाट, की कुणालाच काही ऐकू गेलं नाही. तिथे जाऊन उभं न राहता मी धडा केला. चूक माझी. नंतर मशीनवरच चित्रं लावली."

मी वैतागले. "अगं, हे वाचून नोकरी कोण देईल तुला?"

"शिकणारा अडकला, तर आधी आपलं काम तपासायचं. मला एवढंच येतं. तेच लपवलं, तर दाखवू काय?"

हट्टी. लय हट्टी.

मग कॅन्सर निघाला, आणि नोकरीचं राहूनच गेलं.

आईला डायबेटिस. इन्शुलिन रोज ताईच द्यायची. मी पुण्यात, आणि आई नाशिक सोडायला तयार नाही.
ताईला एकच घोर लागला. आपल्यामागे आईला स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेता आलं पाहिजे.

शिकवायला बसली की ती आपले हात ओढणीत गुंडाळून घ्यायची. मधेच मदतीला जाऊ नयेत म्हणून. तिची कामाची पद्धतच ती.

"तूच दे ना गं. माझा हात लय कापतो."
"कापू दे. मी बघतेय ना."
"दगडाच्या काळजाची हायेस तू!"

आई रडत रडत सरावाच्या मोसंब्यात सुई टोचत राहिली, आणि ताई ओढणीत मुठी आवळून बघत राहिली.
मला ते बघवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

आईला एकदाचं जमायला लागलं.
त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई गेली.

तेरावा झाल्यावर मी तिची वेबसाइट उघडली. सगळ्यात शेवटी एक नवीन काम टाकलेलं होतं.

शिकणारी: माझी आई.
उद्देश: माझ्यावाचून जमावं.
काय फसलं: शिकवणारी फार घाई करत होती.

लॅपटॉप मिटला आणि पोटभर रडले.

आज वर्षश्राद्धासाठी मी नाशिकला आलेय. सकाळी आईने माझ्यासमोर इन्शुलिन घेतलं. हात जरासुद्धा कापला नाही. इन्शुलिनच्या पेनला टोपण लावलं आणि ताईच्या फोटोकडे बघत मला म्हणाली,

"शिकायलाच नको होतं गं मी. मला जमलं नसतं, तर थांबली असती ती."

मी तिच्या हातातलं पेन बाजूला ठेवलं. तिच्याजवळ बसून राहिले.

ताई, आईला जमतंय. तू काळजी करू नकोस.
भरल्या डोळ्यांनी तुला नमस्कार.